ओवीखाली ‘संकलित’ लिहू नका, बाईचं नाव लिहा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गौरी-गणपतीच्या पुरवणीत तुम्ही अख्खं पान ओव्यांना आणि झिम्मा-फुगडीच्या गाण्यांना दिलंत त्याबद्दल आधी आभार मानते, कारण आजकाल रांगोळीच्या डिझाइन आणि मोदकाच्या रेसिपीपुढं कोण जातच नाही. पण त्याच पानावर उजव्या हाताच्या चौकटीत जी ओवी छापली आहे ती वाचल्यापासून दोन दिवस माझं कशात लक्ष नाही, म्हणून हे पत्र. लांबणार आहे. कापायचं असेल तर मधलं कापा, शेवटचं तेवढं ठेवा.

तुमच्याकडं ओवी अशी छापून आली आहे –

उसाच्या गाड्या जाती, कोल्हापूरच्या वाटेने
गाडी थांबली दारात, बहिणीच्या ओळखीने

आणि खाली लिहिलंय, ‘लोकगीत – संकलित’.

ही ओवी माझ्या थोरल्या आत्तीची आहे. मी स्वतः तिच्या जात्याशेजारी पोत्यावर बसून वहीत उतरून घेतलेली, आणि ती अशी आहे –

उसाच्या गाड्या जाती, कोल्हापूरच्या वाटंनं
बैलं थांबली दारात, बहिणीच्या गं ओळखीनं

तुम्ही म्हणाल एका शब्दाचा तर फरक आहे. पण साहेब, गाडी कशी थांबेल ओळखीनं? गाडीला काय कळतंय? माझे वडील बैलगाडीनं ऊस घेऊन कारखान्याला जायचे आणि आत्तीचं सासर त्या वाटेवरच्या गावात, रस्त्याला लागून घर. कारखान्यावर गाड्यांचा नंबर लागायचा, उशीर झाला की रात्र तिथंच काढायची, त्यामुळं वडलांना थांबायला सवड नसायची. पण आत्ती बैलांना बादलीभर पाणी आणि गूळ लावून भाकरीचा तुकडा द्यायची, दोन-चार खेपा तसं झालं आणि मग बैलं तिच्या दारात आपसूकच उभी राहायला लागली, कासरा ओढला तरी हलायची नाहीत. मग काय, वडलांना उतरायला लागायचं, घोटभर चहा व्हायचा, माहेरचं दोन शब्द कळायचे. वडीलच सांगायचे, ‘मला नंबरची घाई असायची, बैलांना न्हवती.’ म्हणजे भावाला बहिणीच्या दारात थांबायला वेळ नाही, मुक्या जनावराला आहे, एवढं सगळं त्या ‘बैलं’ शब्दात आहे आणि तोच शब्द तुमच्या ऑफिसात कुणीतरी काढून टाकला. किंवा वाटेत कुठंतरी निघून गेला असेल. आमच्या भावकीतल्या एका सुनेनं वहीतल्या ओव्या हौसेनं टाइप करून व्हॉट्सॲपवर टाकल्या होत्या, तिथून त्या कुठं कुठं फिरल्या देवाला माहीत, त्या पोरीचा काही दोष नाही, तिनं खाली आत्तीचं नाव घातलं होतं. ते नावही वाटेतच गळलं.

आता मूळ मुद्द्यावर येते. ‘संकलित’ हा शब्द. संकलित म्हणजे कुणीतरी गोळा केलेलं ना? मग कुणी? हा प्रश्न विचारायची आपल्याला सवयच राहिली नाही. ओवी म्हणजे रानातलं फूल, कुणीही खुडावं असं धरून चाललोय आपण. आणि हे बघताना मला सारखी आठवण येते ती डॉ. सरोजिनी बाबर यांची.

तुमच्या तरुण वाचकांना, आणि राग मानू नका पण तुमच्या तरुण उपसंपादकांनाही, हे नाव माहीत असेल का याची मला शंका आहे. बाई आपल्याच भागातल्या. ७ जानेवारी १९२० ला वाळवा तालुक्यातल्या बागणीला जन्म, आष्ट्याजवळचं बागणी, कोल्हापुरातून सकाळी एस्टीनं निघालं तर दुपारच्या जेवणाला परत येता येईल एवढंच लांब. त्या काळात खेड्यातली मराठा समाजातली मुलगी शिकायला बाहेर पडते, एम. ए. होते, पीएचडी करते, आणि पीएचडीचा विषय काय तर मराठीत बायकांनी काय काय लिहिलं तो! १९५२ ला त्या आमदार झाल्या, पुढं राज्यसभेतही गेल्या. पण हे सगळं बाजूला ठेवलं तरी चालेल. माझ्यासारखीला त्या माहीत आहेत त्या महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या जाडजूड पुस्तकांमुळं. ती समिती १९५६ साली निघाली आणि बाबर बाईंनी पुढं कितीतरी वर्षं तिचं अध्यक्षपद सांभाळलं, सांभाळलं म्हणजे नुसत्या मीटिंगा घेतल्या नाहीत, एकामागून एक संग्रह काढले. ‘एक होता राजा’, ‘जा माझ्या माहेरा’, ‘कुलदैवत’, ‘रांगोळी’, ‘बाळराजे’, अजून कितीतरी. घरी वडील कृष्णराव बाबर यांच्याबरोबर समाज शिक्षण माला चालवली, नुकतंच वाचायला शिकलेल्या माणसाला वाचता येतील अशी छोटी छोटी पुस्तकं, ती शेकड्यांनी निघाली.

मी १९७५ च्या आसपास जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. पहिल्याच गावात ऑफिसच्या कपाटात या समितीची तीन-चार पुस्तकं होती, कपाटाला कुलूप, चावी हेडमास्तरांच्या खिशात. ‘जा माझ्या माहेरा’ मी मागून घेतलं आणि दिवाळीच्या सुट्टीत आत्तीकडं नेलं. तिला वाचता येत नव्हतं. संध्याकाळी चुलीपुढं बसून मी तिला वाचून दाखवायला लागले आणि तिसऱ्या-चौथ्या ओवीलाच ती म्हणाली, ‘थांब, हे असं न्हाई. आमच्याकडं असं म्हणत्यात,’ आणि तिनं तिची ओवी म्हटली. पहिली ओळ तीच, दुसरी निराळी. मग पुढची. मग त्यापुढची. पुस्तक राहिलं बाजूला. माझ्या लक्षात आलं की पुस्तकात छापलेलं वाचून बाई गप्प होत नाही, उलट तिला कंठ फुटतो, आणि मला वाटतं बाबर बाईंच्या कामाची खरी ताकद हीच आहे. एका अडाणी म्हणवल्या गेलेल्या बाईला पहिल्यांदा कळलं की आपण पहाटे अंधारात जे पुटपुटतो ते पुस्तकात छापण्यासारखं असतं, सरकार ते छापतं. तिनं ते पुस्तक हातात घेऊन पदरानं पुसलं, ते मला अजून दिसतं.

दुसऱ्या दिवशी मी शंभर पानी वही घेऊन बसले, सांग म्हटलं आत्ती, तर तिला एक ओवी येईना. आठवेनाच. शेवटी म्हणाली, ‘हातात खुंटा असल्याबिगर तोंडाला येत न्हाई गं.’ गावात गिरण येऊन पुष्कळ वर्षं झाली होती, जातं सोप्याच्या कोपऱ्यात, वर चिरमुऱ्याचा डबा ठेवलेला. आम्ही दोघींनी ते ओढून मधे घेतलं. टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं दगड खरबरीत करून, कैक वर्षं झालेली, तळी पार गुळगुळीत, पीठ काय निघणार त्यातून, पण तिनं मूठभर जोंधळं वैरलं आणि खुंटा धरला, आणि दोन फेरे झाले नाहीत तोवर ‘पहिली माझी ओवी’ सुरू झालं ते दोन तास थांबलं नाही. मला लिहायला सुधरेना. मधे थांब म्हटलं की तिचं तुटायचं, परत पहिल्यापासून यायची, म्हणून मग मी अर्धी अर्धी ओळ लिहीत गेले आणि रात्री तिला विचारून पुरी केली. ओवी जात्याच्या फेऱ्यावर बसलेली असते, हाताला जोर लागतो तिथं शब्द लांबतो, घास घालायला हात सुटतो तिथं थांबतो. ‘वाटंनं’ आणि ‘ओळखीनं’ यातले ते शेवटचे अनुस्वार ऐका म्हणजे कळेल, त्यावर फेरा पुरा होतो. ‘वाटेने, ओळखीने’ केलं की तो फेरा हुकतो. आणि ‘बहिणीच्या गं’ मधला ‘गं’ काढला तर तिथं हात काय नुसता फिरवायचा?

शुद्धलेखनाबद्दल मी कुणाला बोलू नये, हे मला कळतंय. आमच्याकडं कोल्हापूर भागात बायका ‘मी आलो, मी गेलो, मी जेवलो’ असंच बोलतात, माझी आई आयुष्यभर तसंच बोलली. आणि मी शाळेत सदतीस वर्षं पोरींच्या वह्यांत तेच लाल शाईनं खोडून ‘आले, गेले, जेवले’ करत राहिले. परीक्षेत मार्क जायला नकोत म्हणून केलं, पण किती पोरींना वाटलं असेल की आपली आई चुकीचं बोलते. म्हणून तुमच्या ऑफिसात ज्यांनी ‘वाटंनं’ चं ‘वाटेने’ केलं त्यांचा हात मला ओळखीचा आहे. फक्त एवढंच म्हणते की बाबर बाई स्वतः पीएचडी झालेल्या, विधानसभेत बसलेल्या, आणि तरी त्यांनी बायकांची बोली सोडली नाही, त्यांचं स्वतःचं लिखाण वाचा, आपल्या भागातली सासुरवाशीण बोलते तसं आहे ते. त्यांना ते जमलं तर आपल्याला एका ओवीपुरतं जमायला काय हरकत आहे?

बाबर बाई एकट्या नव्हत्या हेही सांगायला पाहिजे. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून छापल्या. दुर्गाबाई भागवतांनी १९५६ ला ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ लिहून या विषयाला शास्त्राची बैठक दिली, कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष म्हणून आणीबाणीत त्या बोलल्या ते सगळ्यांना आठवतं पण हे पुस्तक किती जणांनी उघडलं? आपल्या अंबाबाईवर ‘करवीरनिवासिनी श्रीमहालक्ष्मी’ लिहिणारे रा. चिं. ढेरे आयुष्यभर पोथ्या, शिलालेख आणि लोकगीतं एका मांडीवर घेऊन बसले. आणि पुण्यात हेमा राईरकर आणि गी पोइटवँ या दोघांनी तर गावोगावच्या बायकांकडून एक लाखाच्या वर ओव्या जमा केल्या, हजारावर गावांतून. पोइटवँ फ्रान्समधून आलेले, इथलेच होऊन गेले. आज त्या ओव्या इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात, कित्येक ऐकताही येतात आणि माझा मुद्दा जो आहे तो तिथं डोळ्यानं दिसतो. ओवी, त्याच्याखाली ती म्हणणाऱ्या बाईचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. माझ्या नातवानं मोबाइलवर दाखवलं तेव्हा मी पहिल्यांदा ओव्या वाचल्याच नाहीत, नुसती नावंच वाचत गेले. शेतमजूर बाई, जिचं नाव रेशनकार्डावर आणि मतदार यादीत सोडलं तर कुठं लिहिलं गेलं नसेल, तिचं नाव तिच्या ओवीखाली.

काही जण म्हणतील ओवी कुणा एकीची नसतेच, आईकडून लेकीला, जावेकडून जावेला, तिला कसला आलाय मालक. बरोबर आहे, निम्म्याहून जास्त ओव्या तशाच आहेत, माझ्या वहीतल्याही. पहिली ओळ सगळ्या महाराष्ट्रात एकच सापडेल. पण दुसरी ओळ बघा. दुसऱ्या ओळीत बाई स्वतः येते, तिचं गाव, तिचा भाऊ, तिचं बैल. मी आत्तीला विचारलं होतं, ही उसाच्या गाडीची कुणाकडून शिकलीस, तर म्हणाली, ‘कुणाकडनं शिकायची? बैलं दारात हुबी हुती, माझ्या तोंडाला आली.’ म्हणजे रचणारी बाई समोर बसली होती, जिवंत, हाताला पीठ लागलेली. तिला ‘संकलित’ म्हणायचं? आणि समजा रचलेली नसती, नुसती सांभाळलेली असती तरी काय, पन्नास वर्षं तोंडात सांभाळणं हे काम नाही का? गायकाचं नाव आपण लिहितो की, त्यानं गाणं लिहिलेलं नसलं तरी.

माझ्याकडून एक चूक झाली ती इथं सांगते, दुसऱ्या कुणाकडून होऊ नये म्हणून. मी ओव्या लिहिल्या पण बाकी काही लिहिलं नाही. कुठली ओवी आईची, कुठली सासूची, कुठली मोहरमात ऐकलेली, कुठली बाळंतिणीच्या खोलीतली, हे ती बोलता बोलता सांगत होती आणि मी ‘ते राहू दे, पुढची म्हण’ करत होते. वहीवर तारीखसुद्धा नाही. एकसष्ट ओव्या आहेत आणि त्यातल्या फक्त सात-आठांची हकीकत मला आठवते. आत्ती जाऊन एकवीस वर्षं झाली, आता विचारायचं कुणाला. ज्यांच्या घरी अजून म्हणणारी आजी असेल त्यांनी मोबाइलचं रेकॉर्डिंग लावून ठेवावं आणि ओवीच्या आधीचं नंतरचं बोलणं कापू नये, खोकला आला तरी असू दे. आणि पहिल्यांदा तिचं नाव तिच्याच तोंडून घ्यावं. आमच्या आज्या नाव विचारलं की लाजतात, ‘माझं नाव काय करायचंय’ म्हणतात, तरी घ्यावं. माहेरचं नावही घ्यावं, कारण बऱ्याच ओव्या माहेराहून आलेल्या असतात आणि सासरच्या नावानं त्यांचा माग लागत नाही.

समितीच्या पुस्तकांचं काय झालं तेही सांगते. दोन वर्षांमागं एका वाचनालयात, नाव घेत नाही, मी ‘जा माझ्या माहेरा’ मागायला गेले तर तिथल्या मुलानं कॉम्प्युटरवर बघितलं, नाही म्हणाला. जुन्या रजिस्टरात बघ म्हटलं, तिथं निघालं, आणि पुढं लाल शाईत लिहिलेलं, ‘जीर्ण – निर्लेखित’. म्हणजे रद्दी. त्या मुलाचा दोष नाही, नियमाप्रमाणं झालं असेल, पण जी पुस्तकं नव्यानं बाजारात सहज मिळत नाहीत ती जीर्ण झाली तर बाइंडिंग करायची असतात. ७ जानेवारी २०२० ला बाईंच्या जन्माला शंभर वर्षं झाली आणि दोन-अडीच महिन्यांत लॉकडाऊन लागला, त्या वर्षात कोण कुणाची आठवण काढणार होतं. २००८ साली बाई गेल्या. ज्या बाईनं दुसऱ्यांचं एवढं विसरू दिलं नाही तिलाच आपण विसरत चाललोय हे मला सहन होत नाही, आणि तुमच्या पेपरनं मनात आणलं तर शिवाजी विद्यापीठाला, सरकारला विचारता येईल की हे संग्रह परत छापणार का, निदान स्कॅन करून सगळ्यांना मोकळे करणार का. मी पत्र लिहून बघितलंय, पोच सुद्धा आली नाही. पेपरनं विचारलं तर उत्तर द्यावं लागतं.

बाकी तुमच्याकडून माझी मागणी छोटी आहे. दसरा-दिवाळीला परत अशी पानं निघतील. तेव्हा पाठवणाऱ्याला एक फोन करून विचारा, ही कुणी म्हटली, कुठल्या गावची, कुणी उतरून घेतली, आणि ते बारीक टाइपात का होईना पण छापा. पुस्तकातून घेतली असेल तर पुस्तकाचं आणि संग्राहकाचं नाव. खरंच माहीत नसेल तर ‘म्हणणारीचं नाव माहीत नाही’ असं सरळ लिहा, ‘संकलित’ पेक्षा ते खरं आहे, आणि कुणी वाचून फोन करील की ओ ही तर आमच्या आजीची. आणि बोलीला हात लावू नका, कळलं नाही तर आम्हाला विचारा, कोल्हापुरात सांगणाऱ्या बायका अजून आहेत.

या पत्राबरोबर मी वहीच्या त्या पानाची झेरॉक्स जोडली आहे. वेगळ्या कागदावर आत्तीचं नाव, सासरचं आणि माहेरचं दोन्ही, तिचं गाव आणि तालुका लिहिलाय, तिच्या मुलांना विचारूनच लिहिलंय, त्यांनी हो म्हटलंय. माझं नाव नाही छापलं तरी चालेल. पुढच्या रविवारी त्याच चौकटीत ओवी परत छापा, ‘बैलं’ घालून, ‘गं’ घालून, आणि खाली तो कागद बघून तिचं नाव टाका. आत्तीची धाकटी सून अजून त्याच घरात राहते, रस्ता रुंद झाला पण घर तिथंच आहे, तिला मी त्या दिवशीचा पेपर घ्यायला सांगून ठेवलंय.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
कसबा बावडा, कोल्हापूर